एसएफटीपीच्या लॉगिनला मोबाईलचा कोड लावलाय, त्यावर सारखे येणारे प्रश्न

वाळूजच्या एका जॉबवर्क कंपनीचा फाइल सर्व्हर मी सांभाळतो. ड्रॉइंग, पीओ म्हणजे खरेदीच्या ऑर्डरी, इन्स्पेक्शन रिपोर्ट सगळं त्याच्यावरूनच, एसएफटीपी नावाच्या सुरक्षित फाइल पाठवायच्या पद्धतीनं, येतं-जातं. शेंद्र्याचे व्हेंडर, जालन्याचे स्टीलवाले, लातूरला बसलेला सीए असे मिळून चाळीसेक जण त्याच्यावर लॉगिन करतात. आता लॉगिनला पासवर्डसोबत मोबाईलचा कोड पण लागतो, आणि तेव्हापासून माझा फोन काही शांत नाही. रोज तेच ते सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. तुमचा सर्व्हर वेगळा असला तरी यातलं बरंचसं तुमच्याकडंही लागू पडंल.

चांगला पासवर्ड होता की, मधीच हे कामून काढलं?

पासवर्ड चांगला नव्हता, तो आधी मुद्दा. कंपनीचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग १२३. आणि तो डिझाईनच्या टेबलावर, काचेखाली, सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेला होता.

पण खरं कारण वेगळंय. मागच्या वर्षी एका रविवारी रात्री अडीच वाजता कुणीतरी आत शिरून एक अख्खं फोल्डर उतरवून नेलं. लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं त्याची नोंद, उघडला तर खात्याचं नाव ‘व्हेंडर’. आता हे ‘व्हेंडर’ खातं वापरायचे अकरा जण, त्यातले दोघं नोकरी सोडून गेलेले. कुणाला विचारणार? सगळ्यांकडं बघून झालं, सगळे एकमेकांकडं बघायलेत. शेवटपर्यंत कळलं नाही ते नाहीच. पासवर्ड दुसऱ्याला सांगायला एक मिनिट लागत नाही अन् सांगितलेला परत घेता येत नाही, खरी अडचण ही आहे. मोबाईल मात्र कुणी कुणाला देत नाही, दिला तरी पाच मिनिटांनी परत मागतो. म्हणून दुसरा कोड.

एमएफए म्हणजे ओटीपीच ना?

ओटीपी हा त्यातला एक प्रकार. एमएफए म्हणजे मल्टि-फॅक्टर ऑथेंटिकेशन, लॉगिनला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी मागायच्या: एक तुम्हाला माहीत असलेली, म्हणजे पासवर्ड, आणि एक तुमच्या हातात असलेली, म्हणजे मोबाईल किंवा यूएसबी की. तिसरी जात बोटाचा ठसा वगैरे. दोन पासवर्ड मागितले तर ते एमएफए होत नाही, कारण दोन्ही त्याच काचेखाली सापडणार. ई-वे बिलवाल्यांना हे नवीन नाही, तिथं १ एप्रिल २०२५ पासून छोट्या-मोठ्या सगळ्यांनाच दुसरा टप्पा कंपल्सरी झालाय.

नेट बंद असताना पण ॲपमध्ये कोड दिसतो, मग तो येतो कुठून?

हा प्रश्न मला लै आवडतो. कोड कुठून येतच नाही, तो तुमच्या मोबाईलमध्येच तयार होतो.

असं समजा, दोन भावांच्या घरी भिंतीवर एकच पंचांग टांगलंय. एक पैठणला, एक परभणीला. आज तिथी कोणती हे विचारायला कुणी कुणाला फोन लावत नाही, दोघं आपापल्या भिंतीकडं बघतात अन् उत्तर एकच निघतं. इथं पंचांग म्हणजे एक गुप्त की, जी क्यूआर स्कॅन करताना एकदाच सर्व्हरकडून तुमच्या मोबाईलमध्ये गेली. पुढं दोघंही १ जानेवारी १९७० पासून ३०-३० सेकंदांचे किती तुकडे झाले ते मोजतात, तो आकडा अन् ती की एका गणितात घालतात आणि उत्तरातून सहा आकडे काढतात. ३० सेकंद झाले की पुढचा तुकडा, पुढचा कोड. याला टीओटीपी, म्हणजे वेळेवर चालणारा ओटीपी, म्हणतात, २०११ साली आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या पद्धतींच्या कागदात ही पक्की झाली. म्हणून गूगल ऑथेंटिकेटर घ्या, मायक्रोसॉफ्टचं घ्या, एजिस घ्या, कोणतंही ॲप चालतं, गणित एकच आहे.

तर मोबाईल एअरप्लेन मोडवर असला, पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसली, शेतात गेलेले असलात, तरी कोड मिळणारच. फक्त घड्याळ बरोबर पाहिजे. त्याचं रामायण खाली आहे.

सेटअप कसं करायचं?

पाच मिनिटांचं काम आहे, पण एका बैठकीत करा, अर्धवट सोडू नका. आधी मोबाईलमध्ये ॲप टाका, प्ले स्टोअरवर त्याच नावाची भलतीच ॲप पण असतात, तर बनवणाऱ्याचं नाव बघून घ्या. मग मी तुम्हाला समोर बसवून किंवा व्हिडिओ कॉलवर क्यूआर दाखवणार, ॲपमध्ये प्लसचं चिन्ह दाबून तो स्कॅन करायचा. लगेच सहा आकडे दिसायला लागतात. ते मला सांगायचे, मी टाकून बघणार, जुळले की झालं. सोबत पाच इमर्जन्सी कोड मिळतील, आठ-आठ आकड्यांचे. ते कागदावर लिहायचे. कागदावर म्हणजे कागदावर, मोबाईलच्या नोट्समध्ये नाही, कारण मोबाईल गेला की त्याच्यातल्या नोट्स पण गेल्या.

क्यूआरचा स्क्रीनशॉट काढून ठेवला तर बरं नाही का?

नाही. क्यूआर म्हणजेच ती गुप्त की. ज्याच्याकडं तो फोटो त्याच्याकडं तुमचे आजचे, उद्याचे, पुढच्या दिवाळीचे सगळे कोड. आमच्या डिझाईनमधल्या एका पोरानं ‘सगळ्यांचंच सोपं होईल’ म्हणून त्याचा क्यूआर थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता, वरून हात जोडलेला इमोजी. बावीस जणांचा ग्रुप. डिलीट फॉर एव्हरीवन करून पण उपयोग नसतो, ज्यानं स्कॅन करायचं त्यानं केलेलं असतं. त्याची की त्याच दिवशी रद्द करून नवी दिली. तुमच्याकडून असं झालंच तर लाजू नका, फोन करा, दोन मिनिटांत बदलून देतो.

कोड अगदी बरोबर टाकतोय तरी घेईना, काय करू?

दहापैकी आठ वेळा घड्याळ. मोबाईलच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ ऑटोमॅटिक करा, पुन्हा बघा.

क्वालिटीतल्या एकाचा कोड आठवडाभर चालेना. ॲप काढून टाकलं, परत टाकलं, नवा क्यूआर दिला, तरी तेच. शेवटी त्याला म्हणलं बाबा मोबाईल माझ्या टेबलावर ठेव, आणि ठेवल्या ठेवल्या दिसलं की त्याच्या मोबाईलमध्ये सव्वादहा अन् माझ्या भिंतीवर दहा वाजून पाच. कंपनीची बस चुकू नये म्हणून गड्यानं घड्याळ दहा मिनिटं पुढं करून ठेवलेलं! दहा मिनिटं म्हणजे ३० सेकंदांचे वीस तुकडे, सर्व्हर साधारण एक मागचा अन् एक पुढचा एवढंच माफ करतो. आता त्याचं घड्याळ बरोबर आहे अन् बस चुकते, ते वेगळं.

टाइमझोनचा मात्र याच्याशी संबंध नाही, मोजणी जगभर एकाच वेळेनं चालते, दुबईला गेलात तरी कोड तोच. घड्याळ बरोबर असून पण घेईना, तर बघा की ॲपमध्ये जुनी अन् नवी अशा दोन नोंदी झाल्यात का आणि तुम्ही जुनीचा कोड टाकायलात का. हे पण लै जणांचं होतं. अन् एकदा वापरलेला कोड त्याच ३० सेकंदांत परत चालत नाही, पुढच्याची वाट बघा. घाईघाईत तीनदा चुकवलं तर सर्व्हर थोडा वेळ दारच लावून घेतो, तेव्हा चहा घेऊन या.

फाइलझिला प्रत्येक फाइलला कोड मागायलाय, वैताग आलाय

हा वैताग खरा आहे, मला पण आला होता. फाइलझिला, म्हणजे फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर, यादी बघायला एक कनेक्शन उघडतो अन् फाइल पाठवायला वेगळं, कधी दोन-तीन. सर्व्हरच्या दृष्टीनं प्रत्येक कनेक्शन म्हणजे नवा पाहुणा, म्हणून प्रत्येकाला कोड विचारतो. उपाय सोपा: साइट मॅनेजरमध्ये आपल्या साइटवर या, ट्रान्सफर सेटिंग्जच्या टॅबमध्ये एकाच वेळच्या कनेक्शनवर मर्यादा घालायची टिक आहे, ती करून आकडा १ ठेवा. आणि जनरलच्या टॅबमध्ये लॉगऑन टाइप ‘इंटरॅक्टिव्ह’ करा. ‘नॉर्मल’ ठेवलं तर तो सेव्ह केलेला पासवर्डच पुढं ढकलायला बघतो अन् गोंधळ घालतो. ज्यांना मी की फाइल (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) दिलीय त्यांनी ती मुख्य सेटिंग्जमधल्या एसएफटीपीच्या पानावर जोडायची अन् लॉगऑन टाइप इंटरॅक्टिव्हच ठेवायचा.

एका कनेक्शनवर मोठी फाइल जाताना यादी बघता येत नाही, थोडं थांबावं लागतं. चालवून घ्या.

विनएससीपीत पण असंच का?

विनएससीपी, हे तसलंच दुसरं सॉफ्टवेअर, एकदाच विचारतो. बॅकग्राउंडमध्ये ट्रान्सफर टाकला किंवा कनेक्शन तुटून परत जोडलं तरच पुन्हा. लाइट गेली, राउटर बंद पडला की परत कोड, त्याला इलाज यूपीएस.

एसएमएसवर पाठवा ना कोड, ॲपचं झंझट नको

नको, तीन कारणं. एक, शॉपफ्लोअरवर एसएमएस येत नाही, आला तर जेवणाच्या सुट्टीत पाच एकदम येतात. दोन, कुणी तुमच्या नावानं डुप्लिकेट सिम काढलं तर तुमचे कोड त्याच्याकडं जातात, बँकेच्या फ्रॉडमध्ये हे ऐकलंच असंल. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं तर २०१७ च्या त्यांच्या नियमावलीत एसएमएसचा कोड जपून वापरायच्या यादीत टाकला. तीन, प्रत्येक एसएमएसला पैसे लागतात अन् ते मागायला मला अकाउंटमध्ये जावं लागंल.

आमच्याकडं अजून साधं एफटीपीच चालतंय, त्याला हे लावता येईल का?

लावता येईल, पण आधी एफटीपी, ही फाइल पाठवायची जुनी पद्धत, सोडा. एफटीपी आपल्याच माणसाचं पोर आहे बरं का. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे अभय भूषण एमआयटीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिला, आरएफसी ११४. त्या काळी नेटवर्कवर मोजकी विद्यापीठं अन् लॅब, सगळे ओळखीचे, कुलूप कशाला लागतंय. त्यामुळं साध्या एफटीपीत पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. मधी कुणी बसला तर पासवर्ड पण वाचणार, ड्रॉइंग पण. कोड लावून दाराला दुसरं कुलूप लागलं तरी भिंत काचेचीच ना.

एसएफटीपी नाव सारखं असलं तरी जात वेगळी, ते एसएसएच या कुलूपबंद कनेक्शनच्या आतून चालतं, पोर्ट २२. एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनननं केलं, तेही त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरले म्हणूनच. एफटीपीएस म्हणजे एफटीपीलाच टीएलएस या एन्क्रिप्शनचं पांघरूण, ते पण चालतं. फक्त एफटीपीच्या घराण्यात ‘आता कोड द्या’ असा वेगळा प्रश्न विचारायची सोय नीट नाही, म्हणून काही ठिकाणी पासवर्डच्या खोक्यातच पासवर्ड अन् त्याला चिकटून सहा आकडे टाकावे लागतात. मधी स्पेस द्यायची नाही.

रात्रीचा टॅलीचा बॅकअप बंद पडला, त्याला कोड कोण देणार?

रात्री दोन वाजता कुणीच नाही देणार. अशा मशीनच्या कामाला वेगळं खातं, अन् त्याला कोड नाही. मग सुरक्षित कसं? त्या खात्याला पासवर्डच नाही, फक्त की फाइल. ती की एकाच आयपी पत्त्यावरून चालते, बाकी जगात कुठूनही चालत नाही. खात्याला एकच फोल्डर दिसतं अन् कमांड चालवायची मुभा नाही. यासाठी ब्रॉडबँडवाल्याकडून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी घ्यावा लागतो, महिन्याला थोडे पैसे जातात.

एक विनंती, स्वतःचं खातं स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालू नका. एका व्हेंडरनं कोडला कंटाळून त्याची गुप्त कीच स्क्रिप्टमध्ये टाकली अन् स्क्रिप्ट स्वतःच कोड काढून टाकायची. हुशार पोरगं आहे, वाद नाही. पण पासवर्ड अन् की एकाच फाइलमध्ये एकाच कॉम्प्युटरवर, म्हणजे परत काचेखालचा कागद झाला.

मोबाईल हरवला, फुटला, बदलला

बदलत असाल तर जुना देऊन टाकायच्या आधी ॲपमधून एक्स्पोर्ट करून नव्यात घ्या. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये एप्रिल २०२३ पासून गूगल अकाउंटला सिंक करायची पण सोय आहे, पण मग तुमची की जीमेलच्या भरवशावर, तर जीमेलला पण दुसरा टप्पा लावलेला पाहिजे.

हरवला तर आधी मला फोन, मग बाकी सगळं. मी जुनी की रद्द करतो. तोपर्यंत कागदावरचे पाच इमर्जन्सी कोड आहेत, प्रत्येक एकदाच चालतो, वापरला की त्याच्यावर रेघ मारा. कागद पण हरवला असंल तर ऑफिसला यावं लागंल, आयकार्ड दाखवून, फोनवर नवी की मिळणार नाही. यावरून माझ्याशी भांडणं झालीत. एकजण तर म्हणला, ‘आवाज ओळखत नाही का माझा?’ ओळखतो हो, पण आवाज ओळखून आत सोडायचं ठरवलं तर हा सगळा खटाटोप केलाच कशाला.

आम्ही चौघं एकच खातं वापरतो, चौघांच्या मोबाईलवर तोच क्यूआर टाकला तर?

तांत्रिकदृष्ट्या चालतं. मी देणार नाही. वरचा रविवारचा किस्सा परत वाचा.

चौघांना चार खाती देतो, फोल्डर एकच देतो, कुणाचं काही अडत नाही. एकानं नोकरी सोडली की त्याचंच खातं बंद, बाकी तिघांना पासवर्ड बदलायची पण गरज नाही. नवीन खात्याला पैसे पडत नाहीत, फक्त मला एक मेल करा, त्यात नाव अन् कोणतं फोल्डर तेवढं लिहा.

मी पण ॲडमिन आहे, ओपनएसएसएचवर हे कसं बसवलं?

उबंटू लिनक्सवर गूगल ऑथेंटिकेटरचं पॅम मॉड्यूल टाकलं (पॅम म्हणजे लिनक्समधली लॉगिन तपासायची व्यवस्था), एसएसएचच्या पॅम फाइलमध्ये त्याची एक ओळ वाढवली, एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह चालू केलं. जुन्या लेखांमध्ये चॅलेंज-रिस्पॉन्स नावाचं सेटिंग सांगतात, ते आता जुनं नाव झालंय. एवढं सगळीकडं लिहिलेलं सापडतं. जिथं माझं तोंड पोळलं ते सांगतो.

पहिलं, ज्याच्याकडं पब्लिक की आहे तो कोड न देताच आत जातो! कारण की जुळली की एसएसएच पॅमला लॉगिनचं विचारतच नाही. मी दोन दिवस खुश होतो की सगळं सुरळीत चाललंय, कुणी तक्रार करेना, अन् कारण हे. त्यासाठी ऑथेंटिकेशन मेथड्सच्या ओळीत पब्लिक की अन् कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह मधी स्वल्पविराम देऊन लिहायचं. स्वल्पविराम म्हणजे दोन्ही पाहिजेत, मधी स्पेस दिली तर दोन्हीपैकी कोणतंही एक चालतं. एका स्पेसवर सगळा खेळ आहे. आणि की अन् कोड एवढंच ठेवायचं असंल तर पॅम फाइलमधली कॉमन-ऑथची ओळ बंद करा, नाहीतर तो वरून पासवर्ड पण मागत बसतो.

दुसरं, क्रूट. एसएफटीपीच्या लोकांना त्यांच्याच फोल्डरात कोंडायचं तर ते फोल्डर रूटच्या, म्हणजे मुख्य ॲडमिन खात्याच्या, मालकीचं लागतं, अन् मॉड्यूलला तर त्याची फाइल युजरच्या होममध्ये लिहायची असते. दोघांचं जमत नाही अन् बरोबर कोडला पण नकार येतो. सगळ्यांच्या गुप्त की होममधून काढून एका रूटच्या डिरेक्टरीत ठेवा अन् मॉड्यूलला सीक्रेट अन् युजर या ऑप्शननी तो पत्ता द्या.

तिसरं, नलओके, म्हणजे ज्याची गुप्त की अजून नाही त्याला कोडाविना आत सोडणारं ऑप्शन. सुरुवातीला ठेवा, म्हणजे ज्यांचं सेटअप बाकी आहे ते अडत नाहीत. पण शेवटच्या माणसाचं झालं की काढा. कॅलेंडरला तारीख टाकून ठेवा, नाहीतर ते तसंच राहतं.

चौथं, सर्व्हिस रीस्टार्ट करताना एक खिडकी लॉगिन करून उघडीच ठेवा अन् दुसऱ्या खिडकीतून तपासा. मी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी म्हणून निवांत बदल करायला घेतले अन् स्वतःलाच बाहेर काढलं. झेंडावंदन आटोपून सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्याकडं होती तो गावी निघालेला, बिडकीनपर्यंत गेलेला परत बोलावला. त्याचं तोंड अजून आठवतंय.

सरकारचा काही नियम आहे का?

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत: सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे आणि सर्व्हरचं घड्याळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या टाइम सर्व्हरशी जुळवायचं. घड्याळाचं आपण तसंही करतोच, कोडसाठी लागतंच. आणि पैशाचा फ्रॉड झाला असंल तर मला नाही, १९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन लावा, लगेच.

आता तरी हॅक होणार नाही ना?

नुसत्या चोरलेल्या पासवर्डनं होणार नाही, एवढी खात्री देतो. बाकीचं ऐका. मे २०२३ मध्ये मूव्हइट नावाच्या फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमध्ये एसक्यूएल इंजेक्शनचं (डेटाबेसला चोरटी कमांड देण्याचं) भोक निघालं, क्लॉप या हॅकर टोळीनं त्यातून जगभरच्या कंपन्यांचा डेटा नेला. तिथं लॉगिनच करावं लागलं नाही, मग कोड काय करणार? म्हणून अपडेटसाठी मी रात्री सर्व्हर बंद ठेवतो तेव्हा शिव्या देऊ नका.

दुसरं, खोटं लॉगिन पान बनवून पासवर्ड अन् कोड दोन्ही विचारून घेतात अन् ३० सेकंदांच्या आत वापरतात. आपलं एसएफटीपी ब्राउझरमध्ये उघडतच नाही, तर लिंक देऊन कोड मागणारा कुणीही असो, खोटा. माझ्या नावानं आला तरी खोटा, मी सेटअप झाल्यावर कोड कधीच विचारत नाही. याला पक्कं उत्तर म्हणजे फिडो या लॉगिनच्या मानकाची यूएसबी की, ओपनएसएसएचला ती २०२० च्या ८.२ व्हर्जनपासून चालते. एकेक की काही हजारांची, म्हणून सध्या फक्त ॲडमिनच्या दोन खात्यांना घेतलीय.

स्मार्टफोनच नाही, त्यांनी काय करायचं?

हा प्रश्न आमच्या स्टोअरच्या काकांचा. बटणाचा मोबाईल, रिटायरमेंटला दोन वर्षं, पोरांनी दिलेला मोठा फोन घरी टीव्हीशेजारी पडून. त्यांच्यासाठी छोटं टोकन मागवलं, पेन ड्राइव्हएवढं, बटण दाबलं की सहा आकडे दाखवतं, गणित तेच टीओटीपीचं. काकांनी ते गोडाऊनच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलं. आता रोज सकाळी शटर वर झालं की चष्मा कपाळावर घेऊन, टोकन डोळ्याजवळ धरून, एकेक आकडा मोठ्यानं वाचतात अन् समोर बसलेलं पोरगं टाइप करतं. अख्ख्या स्टोअरला ऐकू जातं. मी काही बोलत नाही, पासवर्ड तेवढा ते स्वतः, पोराला तिकडं तोंड करायला लावून टाकतात.